हळदीखाली अडकलेली हाक

मित्रांनो, एका जुन्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या बंपरमध्ये रुपयाएवढे गोल काहीतरी बसवलेले दिसते ना, तो मी. मला सेन्सर म्हणतात. मी तुम्हाला ऐकू न येणारी हाक मारतो. ती भिंतीला, झाडाला, माणसाला लागून परत येते आणि मागे किती जागा आहे ते मला कळते. माझ्या भरवशावर ही गाडी स्वतःच स्टिअरिंग फिरवून जागेवर लागते.

चिमूरच्या गोविंदाभाऊंची मान आखडलेली. मागे वळून पाहणे त्यांना जमत नाही, म्हणून त्यांच्या लेकीने, दिव्यानीने, हीच गाडी निवडली. ती दूर हेमलकशाकडे शिक्षिका आहे. जंगलातल्या रस्त्याने आम्ही तिला भेटायला जायचो, तेव्हाचे दिवस फार सुखाचे होते.

गोविंदाभाऊंच्या पत्नी रंभाबाई व्रतवैकल्ये करणाऱ्या. तुळशीला पाणी घातले की त्या गाडीची पूजा करायच्या. आम्ही चौघे सेन्सर म्हणजे टिळ्यासाठीच केलेल्या जागा, असे त्यांना वाटले. ओली हळद, वर कुंकू, कालच्यावर आजचे. त्या बोटांतली माया मला कळायची. पण थर वाळत गेला आणि माझी हाक माझ्यापाशीच अडकली. मागे काही नसतानाही ‘भिंत आहे!’ म्हणून मी ओरडू लागलो. मागे घेताना गाडी अर्ध्यातच थांबायची आणि लेकीकडे जाणेही थांबले.

गॅरेजवाल्या वारलूने चाकांची हवा पाहिली, बॅटरी पाहिली, बंपर कुठे ठोकला का तेही विचारले. पूजेच्या टिळ्यांना हात लावायला मात्र तो धजला नाही. शेवटी गोविंदाभाऊंनी गाडी विकायचे ठरवले. लेकीसाठी केलेल्या वड्यांचा डबा रंभाबाई उघडायच्या, पुन्हा झाकायच्या. मीही तसाच. हाक मारायचो, वाट पाहायचो.

गिऱ्हाईक यायच्या दिवशी सकाळी दिव्यानीचा व्हिडिओ कॉल आला. तिने गाडीची मागची बाजू दाखवायला सांगितली आणि हसू लागली.

"माय, त्याचे कान बुजवून ठेवले तू. पूस ते."

"सवाष्णीनं कुंकू पुसावं का? काऊन असं बोलून राह्यली, पोरी?"

दिव्यानी म्हणाली, "देवाले रोज आंघोळ घालतेस ना? मंग त्याले बी घाल."

रंभाबाईंनी देवघरातले मऊ फडके आणले. कोमट पाण्याने, ओठांत नाव घेत, त्यांनी थर भिजवून सोडवला. मग गोविंदाभाऊंनी ब्रेकवर पाय ठेवून मागचा गिअर टाकला. मी भीतभीत हाक मारली. ती परत आली!

"चालून राह्यलं का हो?" मागे उभ्या रंभाबाईंनी विचारले.

"बाजूले हो. तूच दिसून राह्यली त्याले."

गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवले. टिळा आता बॉनेटवर लागतो.

मित्रांनो, आमच्यावर चिखल, रंग, स्टिकर काही साचू देऊ नका. जीव लावा, पण आमचा श्वास मोकळा ठेवा. परवा हेमलकशाकडच्या एका अंगणात गाडी मागे घेताना मी एकाएकी ओरडलो आणि गाडी जागीच थांबली. मागे भिंत नव्हती. दिव्यानी धावत आली होती.