अठ्ठ्याण्णवच

अठ्ठ्याण्णव.

सिस्टरने थर्मामीटर वहिनीच्या नाकासमोर नाचवला. मुलांच्या वॉर्डात नर्स, म्हणून घरातही ती सिस्टरच. सख्खा भाऊसुद्धा तेच म्हणे.

"ताप नाही म्हणजे जंतू नाहीत. वॉर्डात काय माशा मारते मी?"

"वन्सं, पिट्ट्या कालपासून पाय टेकत नाहीये."

"आईवर गेलाय. नाटकी."

पिट्ट्या रडलाही नाही. पडून राहिला.

अठ्ठ्याण्णव.

सकाळी वहिनीने कुणाला न विचारता त्याला उचललं आणि अनवाणीच सिस्टरचा दवाखाना गाठला. गुडघा उघडला तर आत पू. रक्तातही जंतू. सिस्टर वॉर्डाच्या दारात उभी, आणि काचेतला पारा जागचा हलायला तयार नाही.

तपासण्या झाल्यावर मोठ्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. जंतू शिरला की पहाऱ्यावरच्या पेशी तो ओळखतात, आत निरोप धाडतात. त्या निरोपावर ताप चढतो, कुमक धावते. पिट्ट्यात तो निरोप अर्ध्या वाटेत तुटतो. जन्मापासूनच. ताप आलाच तर वरातीमागून घोडं.

"ऐकलंत?" वहिनी म्हणाली. "यापुढे माझ्या पोराला हात लावायचा नाही."

सिस्टरने लावला नाही. एका घरात राहून.

तेच. अठ्ठ्याण्णव.

उन्हाळ्यात पिट्ट्या पुन्हा मलूल झाला. ड्युटीवर नवा डॉक्टर.

"ताप नाही, मग कसला जंतुसंसर्ग? घरी न्या."

वहिनी सिस्टरकडे वळली.

"वन्सं, तुमचंच वाक्य आहे. तुम्हीच उत्तर द्या."

सिस्टरच्या कानशिलांत जाळ उठला. दोघांचाही राग आला. स्वतःचा सगळ्यात जास्त. तिने थर्मामीटर कचऱ्याच्या डब्यात भिरकावला.

"याच्या अंगात ताप येतच नाही, सर. मोठ्या बाईंना फोन लावा. तोवर रक्त घ्या, अँटिबायोटिक सुरू करा. पोरगं इथून हलणार नाही."

"आवाज खाली, सिस्टर. तक्रार करीन मी."

"करा. आधी फोन."

त्याने दात ओठ खात फोन लावला. पलीकडचं ऐकता ऐकता त्याची मान खाली गेली. मग तो मुकाट्याने सुईची तयारी करायला लागला.

सुई टोचली तसा पिट्ट्या भोकाड पसरून रडला. हात हिसडायला लागला. एकट्या वहिनीला तो धरवेना.

"मी धरू?" सिस्टरने विचारलं.

वहिनीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आधी हात धुवा."