पडद्यावरचे विळे

नागपूरच्या उमरेड रोडवरच्या त्या लॉनमध्ये लग्नाची तिथी नसलेल्या रविवारीही पाय ठेवायला जागा नसायची. लाल गालिचा तोच, खुर्च्यांवरची पांढरी कापडं तीच. फक्त नवरा-नवरीच्या खुर्चीत रुधिरानंद महाराज बसलेले असायचे आणि त्यांच्या मागे, जिथे एरवी जोडप्याचे फोटो झळकायचे, त्या मोठ्या पडद्यावर माणसाचं रक्त दिसायचं.

खरंखुरं रक्त. टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडलेला होता. सेवेकरी समोरच्याच्या बोटाला सुई टोचायचा, काचपट्टीवर थेंब घ्यायचा, त्यात एका कलशातलं पाणी मिसळायचा, वर पातळ काच ठेवायचा आणि रोग बाहेर पळू नये म्हणून काचेच्या कडा मलमानं बंद करायचा. मग भजन. भजन चांगलं लांबायचं. ते संपत आलं की पडद्यावर पेशी दिसायच्या त्या लांबट, टोकदार, वाकलेल्या. विळ्यासारख्या. मंडपात बसलेले सगळे सिकलसेलच्या, म्हणजे पेशी अशा वाकवणाऱ्या रक्ताच्या पिढीजात आजाराच्या, घरांतले. डॉक्टरांकडून नुसतं ऐकलेलं ते दुखणं असं भिंतीएवढं समोर आलं की लोकांच्या तोंडचं पाणी पळायचं.

"पाहा," महाराज माइक हातात घेत म्हणायचे, "सात पिढ्यांपासून तुमच्या रक्तात हे इळे फिरून राहिले. अमेरिकेत यावर काय करते? क्रिस्पर म्हणते. जीनची कात्री. अरे, त्यांची कात्री लोखंडाची. आपली कात्री मंत्राची. तिले ना ऑपरेशन लागत, ना व्हिसा."

लोक हसायचे. महाराज डोळे मिटायचे. सेवेकरी कडेचं मलम पुसून दुसऱ्या कलशातल्या तीर्थाचा थेंब काचेच्या एका बाजूला सोडायचा आणि दुसऱ्या बाजूला टिपकागद लावायचा. महाराजांच्या तोंडून मंत्र सुरू झाला की पडद्यावरचे विळे हळूहळू फुगायचे, त्यांची टोकं बोथट व्हायची आणि पाहता पाहता पेशी गोल गरगरीत होऊन वाहू लागायच्या. बाया पदर तोंडाला लावून रडायच्या.

दर रविवारी सगळ्यांत आधी अंजूचं रक्त पडद्यावर यायचं. ती साक्षीदार होती.

अंजू मूळची उमरेडची, विणकरांच्या घरातली. घरचे माग वडिलांच्या, गुलाबचंदांच्या, डोळ्यांदेखत बंद पडले, भाऊ दुसऱ्या कामाला लागला आणि अंजूनं नागपुरात सदरमधल्या चष्म्याच्या दुकानात काउंटर धरला. तिचं लग्न ठरलं होतं. मुलाकडच्यांना सिकलसेलचं कार्ड दिसलं आणि ते मोडलं. त्यानंतर घरी तिच्याशी सगळे जपून बोलू लागले, म्हणजे फार बोलेनासे झाले. तिनं नागपुरातच, गड्डीगोदाम वस्तीत, एक खोली घेतली.

या दुखण्याचं वाईट हे की ते दिसत नाही. हाडात कुणी खिळा ठोकावा तशी कळ येते, पण वरून माणूस धडधाकट. दुकानात ती कधी पाठ धरली म्हणायची, कधी पित्त. कळ आली की खोलीत उशी दातांत धरून पडायची. शेजारी टीव्ही चालू असायचा. भिंतीपलीकडे माणसं आहेत, आणि आपण मेलो तरी त्यांना सकाळी दुधाची पिशवी दाराशी तशीच दिसल्यावर कळेल, असं तिला वाटायचं.

विज्ञानावर तिचा राग नव्हता. उलट, परदेशात या आजारावर जनुकांचा उपचार निघाल्याचं तिनं मोबाइलवर वाचलं होतं. रोग्याच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी काढून, त्यांत दुरुस्ती करून परत घालतात, आणि माणूस कळांतून सुटतो. हे वाचून तिनं दवाखान्यात विचारलंही होतं. डॉक्टर म्हणाले होते की खरं आहे, आपल्या देशातही काम चालू आहे, पण तुमच्यापर्यंत यायला वेळ लागेल, तोवर रोजची गोळी घेत राहा. रांगेत मागे बरीच माणसं होती. ती उठली. उपाय आहे आणि तो आपल्यासाठी नाही, हे उपाय नसण्यापेक्षा जड होतं.

अशा वेळी कुणीतरी तिला लॉनवर नेलं. तिचं रक्त पडद्यावर गोल झालं, शेकडो लोकांनी टाळ्या वाजवल्या, अनोळखी बायांनी तिला पोटाशी धरलं. त्या दिवशी ती परत आली तेव्हा फोनवर, लॉनवरच्या लोकांच्या ग्रुपमध्ये, कितीतरी जणांचे निरोप होते. 'अंजूताई, जेवण झालं का?' एवढंच कुणी विचारत होतं. पण ते विचारणारं आजवर कुणी नव्हतं.

तिनं गोळ्या बंद केल्या. पुढचे काही आठवडे विशेष काही झालं नाही, कारण त्या गोळीचा असर लगेच उतरत नाही. मग एकदा मांडीत कळ आली. तिनं ओढणीनं मांडी करकचून बांधली, रात्र काढली आणि कुणाला सांगितलं नाही. साक्षीदाराला कळ कशी येईल?

लतिका तिला लॉनवरच भेटली होती. तिची मुलगी मयुरा शाळेत जाणारी, हडकुळी, डोळे पिवळट. लतिकानं अंजूला बाजूला घेऊन विचारलं होतं की गोळ्या खरंच सोडल्या का. अंजूनं हो म्हटलं होतं.

आणि एके दिवशी दुकानात फोन आला की मयुराला सरकारी दवाखान्यात भरती केलंय.

अंजू तशीच धावली. वॉर्डात मयुरा ऑक्सिजन लावून पडली होती. छातीत त्रास उतरला होता, ताप होता, रक्त चढत होतं. लतिका भिंतीला टेकून बसली होती. अंजूला पाहून ती उठली नाही.

"तुमचं रक्त पाहून मी पोरीच्या गोळ्या बंद केल्या, ताई," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुमी तं चांगल्या उभ्या आहात."

अंजूला म्हणायचं होतं की मलेही कळ आली होती. ते तिला म्हणता आलं नाही. ती बाहेर पडून थेट डॉ. नूपुरकडे गेली.

नूपुर सिकलसेलवर संशोधन करणारी डॉक्टर. अंजू पूर्वी तिच्या प्रयोगशाळेला अभ्यासासाठी रक्त देत असे. मध्यंतरी नूपुरनं बरेच फोन केले होते आणि अंजूनं ते उचलले नव्हते. आता ती रागावेल असं अंजूला वाटलं. नूपुर रागावली नाही. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि लॉनवर काय काय करतात ते पहिल्यापासून सांगायला लावलं. महाराज काय बोलतात यात तिला रस नव्हता. हात काय करतात, ते तिला हवं होतं.

"कलश दोन आहेत?" तिनं मध्येच विचारलं. "आणि कडेला मलम लावतात?"

"हाव. रोग पळू नये म्हणून."

"रोग नाही, हवा आत येऊ नये म्हणून," नूपुर म्हणाली.

तिनं अंजूच्या बोटातून थेंब घेतला आणि काहीही न मिसळता सूक्ष्मदर्शकाखाली धरला. अंजूनं डोळा लावला. बहुतेक पेशी गोल होत्या. ना मंत्र, ना तीर्थ. एखाददुसरी तेवढी वाकडी होती. नूपुर म्हणाली की काही पेशी कायमच्याच वाकतात, त्या कशानंही सरळ होत नाहीत. अंजूला आठवलं, सेवेकरी शेवटी काचपट्टी जरा सरकवायचा. चांगला भाग पडद्यावर यावा म्हणून.

मग नूपुरनं कपाटातून एक द्रावण काढलं. प्राणवायू शोषून घेणारं साधं रसायन, सिकलची तपासणी करताना वापरतात ते. त्यात थेंब मिसळला, काच ठेवली, कडा व्हॅसलिननं बंद केल्या. दोघी थांबल्या. भजन नव्हतं, नुसता एसीचा आवाज. प्राणवायू संपत गेला तसं सिकलचं हिमोग्लोबिन एकमेकाला चिकटून आतल्या आत काड्यांसारखं ताठ झालं आणि पेशी विळ्यासारख्या वाकल्या. नूपुरनं मलम पुसलं, एका बाजूनं साधं सलाइन सोडलं, दुसरीकडे टिपकागद लावला. रसायन धुऊन गेलं, सलाइनबरोबर प्राणवायू आत आला.

पेशी गोल झाल्या.

"इतकंच?" अंजूनं विचारलं.

"इतकंच. पहिल्या कलशात हे रसायन, दुसऱ्यात सलाइन. हे काचेवर होतं, अंजू. अंगातल्या रक्ताला त्यानं काही होत नाही."

अंजूनं डोळा काढला नाही. जे पाहून शेकडो माणसं रडली होती, जे पाहून ती स्वतः जगायला लागली होती, ते तिथे त्या लहानशा खोलीत कुणाच्याही कृपेविना चाललं होतं. तिला रडू आलं ते फसवणुकीचं नव्हतं. आता परत एकटं व्हायचं, याचं होतं.

नूपुरनं तिला आणखी एक गोष्ट सांगितली. आईच्या पोटात असताना प्रत्येकाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. ते वाकत नाही. जन्मानंतर शरीर ते बनवायचं जवळजवळ बंद करतं. जनुकांचा नवा उपचार ते पुन्हा चालू करतो, चांगल्या प्रमाणात. "आणि तुझी ती जुनी गोळी तेच थोड्या प्रमाणात करते. तुला वाटलं, खरा उपाय दूर आहे आणि हातात नुसतं भागवणं आहे. तसं नाहीये. वाट एकच आहे. तू ती मधेच सोडलीस."

रविवारी अंजू लॉनवर गेली. नूपुरही सोबत आली आणि मागे गर्दीत बसली. नेहमीप्रमाणे तिचं रक्त घेतलं, कलशातल्या पाण्यात मिसळलं, मलम लावलं. इतरांच्याही काचपट्ट्या तशाच करून ओळीनं मांडल्या. भजन संपलं, पडद्यावर विळे आले. महाराज माइकवर जीनच्या कात्रीचं सांगू लागले तेवढ्यात अंजू टेबलाशी गेली. तिनं मलम पुसलं आणि पर्समधून मेडिकलच्या दुकानातली सलाइनची छोटी बाटली काढून थेंब सोडला. दुसऱ्या बाजूला टिपकागद लावला.

महाराज अजून बोलतच होते. पण लोक त्यांच्याकडे पाहत नव्हते. त्यांच्या डोक्यामागे पेशी गोल होत होत्या.

महाराजांनी वळून पाहिलं. हसले. म्हणाले की पाहा, आता कृपा भक्ताच्या हातातही उतरली. काही जणांनी टाळ्याही वाजवल्या. महाराज असंही फिरवतील, हे अंजूला सुचलंच नव्हतं.

मागच्या रांगेतून एक ऑटोवाले उठले. रुपराव त्यांचं नाव. सुनेला घेऊन आले होते आणि आल्यापासून तिच्या कानाशी कुरकुरत होते. ते स्टेजवर चढले, अंजूच्या हातून बाटली घेतली आणि कसं करायचं ते विचारलं. तिनं सांगितलं तसं त्यांनी पुढच्या काचपट्टीवर केलं, जाड बोटांनी, अर्धं सलाइन टेबलावर सांडत. सेवेकरी अडवायला आला, पण पुढच्या रांगेतल्या बायांनीच त्याला थांबवलं. त्यांना पाहायचं होतं.

पडद्यावर पेशी गोल झाल्या.

रुपराव माइकशी गेले. "महाराज, मी तं तुम्हाले मानतच नाही. मंग माह्या हातानं कशा झाल्या?"

तेवढ्यात पडदा काळा झाला. कुणीतरी वायर ओढली होती. नूपुर पुढे आली आणि माइक नसताना, जेवढ्यांना ऐकू जाईल तेवढ्यांना, तिनं सगळं समजावलं: रसायन, मलम, सलाइन. काहींनी ऐकलं. काही निघून चाललेल्या महाराजांच्या गाडीमागे धावले. ज्या बाईनं पहिल्या दिवशी अंजूला पोटाशी धरलं होतं, ती तिच्याजवळ येऊन म्हणाली, "काहून केलं वं असं? आमाले थोडी आशा होती."

जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार झाली. लॉनवाल्यानं हात झटकले. महाराज नागपुरातून नाहीसे झाले. मयुरा बरी होऊन घरी गेली, हे अंजूला वॉर्डातल्या सिस्टरकडून कळलं. लतिकानं फोन उचलला नाही. लॉनवरच्या लोकांच्या ग्रुपमधून अंजूला काढून टाकलं होतं. रविवार आता फार लांब वाटायचा. ती सकाळी गोळी घ्यायची, पाणी भरपूर प्यायची, दुपारी सदरच्या बंद दुकानांसमोरून उगाच एक चक्कर मारून यायची.

पावसाळा उलटल्यावर एकदा ती सिकलसेलच्या ओपीडीत बाकावर बसली होती. शेजारी मौद्याहून आलेले एक म्हातारे होते, सोबत नात. त्यांनी हळूच विचारलं की पलीकडच्या जिल्ह्यात एक महाराज आले आहेत, रक्तच बदलून देतात म्हणे, तुम्ही ऐकलं का.

समोरच्या बाकावर लतिका बसली होती, मयुराला मांडीशी घेऊन. तिनं अंजूला मघाशीच पाहिलं होतं आणि तोंड फिरवलं होतं. तिच्यासमोर हे सगळं पुन्हा उगाळायचं अंजूच्या जिवावर आलं. तरी तिनं सांगितलं. दोन कलश, मलम, सलाइन, सगळं. गोळ्या आपण सोडल्या होत्या आणि आपल्याकडे पाहून आणखी एकीनं आपल्या पोरीच्या बंद केल्या, हेही सांगितलं.

"तुम्हाले जायचं असंन तं जा, दादाजी," ती शेवटी म्हणाली. "पण पोरीची गोळी एक दिवसही बंद करू नका. अन् तिथं गेल्यावर इतकंच म्हणा, की महाराज, तुमी गप बसा, तुमचं तीर्थ बाजूले ठेवा, अन् माह्या सलाइननं होते का ते मले पाहू द्या. खरं असंन तं त्याले तपासल्यानं काही होत नाही. जो तपासू देत नाही, त्याच्या हाती आपलं लेकरू काहून द्यायचं?"

म्हाताऱ्यांना पटलं की नाही, कळेना. एवढ्या हुशार दिसणाऱ्या बाईनंही कसं मानलं असेल, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"ताई म्हणते ते खरं आहे," समोरून लतिका म्हणाली. ती अंजूकडे पाहत नव्हती, मयुराच्या केसांतून हात फिरवत होती. "ते पोरगी मायी होती."

आतून अंजूचं नाव पुकारलं गेलं. ती उठली, म्हाताऱ्यांच्या नातीला जागा करून दिली आणि तपासणीला रक्त द्यायला आत गेली.