दोन ठोके

थोरला आणि धाकटा सख्खे भाऊ, एकाच कारखान्यात कामाला, आणि कित्येक महिने अबोला. थोरल्याने सगळ्यांदेखत "निष्काळजी आहेस तू" म्हटलं आणि धाकट्याच्या ते जिव्हारी लागलं. तेव्हापासून काम पान्याच्या ठोक्यांवर चालायचं. एक ठोका, वीज चालू. दोन ठोके, वीज बंद. शुद्ध गाढवपणा, पण दोघांनाही त्याचा केवढा तोरा!

धाकटा परांचीवर होता. लोखंडी तुळईच्या उभ्या अंगाला चुंबकी ड्रिल चिकटलेलं, त्याला पोकळ कटर लावलेला. हा कटर सगळं भोक कुरतडत बसत नाही. गोल कड तेवढी कापतो आणि मधला तुकडा अख्खा बाहेर टाकतो. विजेचा बोर्ड नेमका खाली, आणि बोर्डापाशी थोरला.

कटर जेमतेम नखभर आत गेला आणि थडथडायला लागला. धाकट्याने कटर आत दाबणारा दांडा सैल केला, तोच त्याची नजर साखळीवर गेली. यंत्राला तुळईशी बांधून ठेवणारी साखळी नुसतीच लोंबत होती. थोरला मघाशी वर येऊन गेला, तेव्हा त्यानेच लावली असेल असं याने धरलं होतं. विचारणार कोण?

म्हणजे एवढं अवजड धूड निव्वळ चुंबकावर होतं, आणि चुंबक विजेवर.

आवाज बिघडलेला थोरल्यानेही ऐकला. भावाला काही होईल या धास्तीने तो बटणाकडे धावला. वीज गेली की चुंबक सुटणार आणि यंत्र खाली उभ्या थोरल्याच्याच डोक्यात पडणार.

धाकट्याने सवयीने पाना उचलला. पण ठोकणार काय? ठोक्यांत 'थांब' नव्हतंच. ओरडलो तर साखळी दिसेल, 'निष्काळजी' हा शब्द खरा ठरेल. थोरल्याचं बोट बटणावर टेकलं.

"दादा! दाबू नकोस! बाजूला हो!"

थोरला थिजला, मग मागे सरला. धाकट्याने मोटर बंद केली, चुंबक चालू ठेवला आणि साखळी अडकवली.

थोरला वर चढून आला. चेहरा पांढराफटक.

"मला वाटलं, तू लावलीस," धाकटा म्हणाला.

थोरला फळीवर मटकन बसला. "सुटलेली दिसली होती मला. म्हटलं, आपण कशाला बोला, लावेल तो."

धाकट्याला रडू फुटलं. डोळे पुसून त्याने साखळी ओढून पाहिली.

"लावली," तो मोठ्याने म्हणाला.

"लावली," थोरल्याने तितक्याच मोठ्याने सांगितलं.