नुसत्या हवेवर

एमिलनं ऐन चढावर गाडी थांबवली, हँडब्रेक खेचला आणि खाली उतरून मागच्या नळीवर हात ठेवला. शेजारी बसलेल्या त्याच्या लेकीनं, सोलांजनं, समोरच्या काचेवरून नजर हलवली नाही. टाकीत दाबून भरलेली हवा इंजिनातून सुटली की नळी गारठते. एवढ्या चढावर तर तिच्यावर बर्फाचा थर धरायला हवा होता. नळी कोरडी होती.

"ही हवेवर चालत नाहीये," तो म्हणाला. "कशावर चालतेय?"

 वर रोकमोर गावाच्या चौकात महापौर माडाम पेलिसिए चार लोकांना घेऊन उभ्या होत्या. गाडी वर पोचली तर गावच्या अरुंद गल्ल्यांतला कचरा उचलायला अशा पाच गाड्या घेऊ, असं त्यांनी कबूल केलं होतं. नाही पोचली तर एमिलच्या गराजला याच हिवाळ्यात कुलूप लागणार होतं. ही हवेवरची गाडी बनवण्याच्या नादात त्यानं झोप घालवली, जुनी गिऱ्हाइकं घालवली, आणि गावाकडून 'फुगेवाला' हे नाव तेवढं कमावलं. त्याला त्याचं काही वाटायचं नाही; ते म्हणणाऱ्यांनाच तो वाइन पाजायचा आणि त्यांच्याशीच भांडायचा. सोलांजच्या मात्र ते नाव डोक्यात जायचं. म्हणूनच रविवारी बाप चौकात लोखंडी गोळ्यांचा पेताँक खेळायला गेलेला पाहून तिनं मागच्या सीटखाली छोटी मोटर आणि बॅटरी बसवली होती.

एमिलनं गाडी उलटी सोडत पायथ्याच्या गराजपर्यंत नेली आणि सीट उचलली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं पाना मागितला, तिनं तो दिला. मोटर आणि बॅटरी सोडवून त्यानं बाकावर ठेवली आणि टाकी पुन्हा भरायला लावली.

"म्हणजे तुझाही विश्वास नव्हता."

"नव्हता," सोलांज म्हणाली. "हिशेब मलाही येतो, पपा. या चढाला हवा पुरत नाही."

"नाही पुरली तर नाही पुरली. जिथं थांबेल तिथं थांबेल. उसन्या पायांनी वर जायचं नाही."

या वेळी एमिल एकटाच गाडीत होता, सोलांज मागून चालत होती; नळी पहिल्याच वळणावर पांढरी झाली. गाडी खडखडत चर्चच्या भिंतीपर्यंत चढली आणि तिथं गपकन थांबली. चौक हाकेच्या अंतरावर होता. माडाम आणि त्यांचे लोक चालत खाली आले. एकानं ढकलू का म्हणून विचारलं. एमिलनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो हात खिशात घालून मागे सरला.

उशीर का झाला, हे माडामनी विचारल्यावर सोलांजनं सगळं सांगून टाकलं. मोटर कुणी बसवली, तेही सांगितलं.

माडामना त्यात काहीच गैर वाटलं नाही. "मग ती मोटर ठेवायची होती ना. मला कचरा उचलायचाय, इतिहास नाही घडवायचा. मोटर लावून आणा, पाचही गाड्या घेते."

एमिल भिंतीला टेकून उभा राहिला. गराज यापुढं हिलाच चालवायचंय, हिलाच विचारा, एवढंच तो पुटपुटला.

सोलांजनं नळीवर बोट ठेवलं. बर्फ बोटाला चिकटला. गराज वाचवणारं काम समोर चालून आलं होतं आणि हो म्हणायला एक शब्द पुरला असता. तिला बापाचा राग आला, माडामचा आला, सर्वांत जास्त त्या रविवारचा आला.

"जेवण झाल्यावर पुन्हा या, माडाम," ती म्हणाली. "नुसत्या हवेवर वर आणते."

"आता जमलं नाही, ते तेव्हा कसं जमेल?"

"तेव्हा मी चालवणार आहे. पपा माझ्यापेक्षा तीस किलोंनी जड आहेत."

या गाडीच्या स्टीअरिंगला एमिलनं आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता.  त्यानं मागं जाऊन डिकी उघडली.

"स्टेपनीपण काढू मग," तो म्हणाला.