दोन मुठी साल

मी एक कागद बोलतोय. आवाज जरा खरखरीत वाटेल, पण तो घशाचा दोष नाही. माझ्या अंगात झाडाची साल आहे. ती कशी आली, तेच सांगायचं आहे.

माझा पहिला जन्म मला आठवत नाही. मी कधीतरी वर्तमानपत्र होतो, मग कुठल्याशा दुकानाची जाहिरात झालो. दर वेळी मला भिजवायचे, लगदा करायचे आणि पुन्हा सपाट करायचे. दर वेळी मी थोडा अशक्त व्हायचो. माणसांचे केस पिकतात, आम्हा कागदांचे धागे आखूड होतात. शेवटी मी करड्या, स्वस्त वह्या झालो आणि तोसा प्रांताच्या डोंगरातल्या एका लहानशा शाळेत चिनात्सु नावाच्या मुलीच्या दप्तरात येऊन पडलो.

चिनात्सु पेन्सिल इतकी दाबायची की एका पानावरचं अक्षर खालच्या तीन पानांना कळायचं. गणित अडलं की कोपऱ्यात मांजर काढायची. उत्तर बरोबर आलं की सर लाल पेन्सिलीने गोल करून भोवती फुलाच्या पाकळ्या काढायचे. अशा दिवशी ती मला घरी उघडाच ठेवायची, जेवताना सगळ्यांना दिसावा म्हणून. पण कुणी विचारलं की लगेच मिटून टाकायची. सहा वर्षांतली एकही वही तिने फेकली नाही.

आमच्या गावात सहावी संपली की प्रमाणपत्राचा कागद ज्याचा त्याने स्वतः बनवायचा असतो. तिच्या आईने बनवला होता, आईच्या आईनेही. त्यासाठी कोझोच्या झुडपाची साल लागते. पण त्या हिवाळ्यात हरणं खाली उतरली आणि त्यांनी झुडपं बुंध्यापर्यंत खाऊन टाकली. सहावीत त्या वर्षी एकटी चिनात्सुच होती.

"एकाच कागदाचा तर प्रश्न आहे," मोरिवाकी सर म्हणाले. "शहरातून आणू विकत. छान गुळगुळीत मिळतो."

पण दुसऱ्या दिवशी सगळ्या वह्या खोक्यात भरून चिनात्सु इसोकिची आजोबांच्या दारात उभी राहिली. गावात हाताने कागद बनवणारे ते एकटेच उरले होते.

"यांचा कागद होईल का?" तिने खाली बघत विचारलं.

आजोबांनी माझं एक पान फाडलं, जिभेला लावलं आणि थुंकले. "हा म्हातारा माझ्यापेक्षा म्हातारा आहे. याच्यात दम नाही, पोरी. वरून शाईने नाव लिहायचं, शिक्का मारायचा, आयुष्यभर जपायचं. हा उन्हाळ्यापर्यंतही टिकणार नाही."

"अहो, करून तर बघा," आतून त्यांची बायको, तोमोए आजी म्हणाली. "तोंडानेच सगळी कामं करायला लागलात अलीकडे."

मग मला फाडून भिजवलं, कुटलं. माझ्यातली गणितं गेली, मांजरं गेली. नुसता करडा लगदा उरला. हौदातल्या पाण्यात मला ढवळून आजोबांनी बारीक काड्यांच्या चटईवर झेललं. चटईवरून सोडवताना मी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा मधोमध गळून पडलो. लाज वाटली मला.

"सांगितलं होतं," आजोबा म्हणाले.

चिनात्सुचं तोंड बघून आजी उठली आणि माळ्यावरून एक पुडकं घेऊन आली. त्यात कोझोची सोललेली पांढरी साल होती, जेमतेम दोन मुठी.

"अगं, ती आपल्या खिडक्यांना लावायच्या कागदासाठी ठेवली आहे!"

"खिडक्यांना ठिगळं लावू. बाहेर बघण्यासारखं आहे काय? हरणं!"

आजोबा हसले, तेव्हाच मला कळलं की काम होणार.

दोन दिवस साल शिजली, धुतली गेली, कुटली गेली. तिचे धागे लांब, रेशमासारखे. पण लांब धाग्यांची एक खोड असते, ते पाण्यात एकमेकांना मिठी मारून गोळा होतात. म्हणून भेंडीच्या जातीच्या एका झाडाची मुळं ठेचून त्यांचा बुळबुळीत रस हौदात घालतात. त्या रसात धागे वेगवेगळे तरंगत राहतात. मात्र तो रस थंडीतच काम करतो. ऊब लागली की त्याचं पातळ पाणी झालंच म्हणून समजा.

शुक्रवारी मुख्याध्यापकांना नाव लिहायला कागद हवा होता. बुधवारी सकाळी आजोबा वाळवायच्या फळ्या पुसायला अंगणात गेले. चिनात्सु हौद ढवळत होती; आत मी, साल आणि तो रस. हौदात कडेला बर्फाची पापडी होती. तिचे हात गाजरासारखे लाल झाले होते, बोटं मिटत नव्हती. आजीने ते पाहिलं, शेगडीवरची किटली उचलली आणि उकळतं पाणी सरळ हौदात ओतलं. मग दुसरी किटली.

"आता बघ कसं बरं वाटतं," आजी म्हणाली.

मला तर फारच बरं वाटलं! पण क्षणभरच. सालीचे धागे माझ्या अंगावरून सरकले, एकमेकांना बिलगले आणि गोळ्या होऊन तळाशी बसले.

आजोबांनी येऊन काठी फिरवली. काठी नुसत्या पाण्यात फिरावी तशी फिरली, रसाचा बुळबुळीतपणा गेला होता. त्यांनी किटलीकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"बावन्न वर्षं झाली तुला या हौदापाशी!"

"माहीत होतं मला," आजी पुटपुटली. "पोरीचे हात बघितले आणि डोकंच चाललं नाही."

दुसरी साल नव्हती. तेव्हा ती लाजरी मुलगी, जिने आठवडाभरात वीस शब्दही उच्चारले नव्हते, एकदम म्हणाली, "धागे तर मेले नाहीत ना? गुंतलेत फक्त. मी सोडवते."

आजोबा तिच्याकडे बघतच राहिले. "दिवस जाईल त्यात."

"जाऊ दे."

लगदा फडक्यात गाळला आणि तिघं गोळ्या उकलायला बसली. आजी एकेक गोळी उजेडात धरून म्हणायची, "ही माझीच करणी," आणि आजोबा म्हणायचे, "ही पण तुझीच." तिसऱ्या गोळीला चिनात्सु हसली, आणि मग थांबेचना. दुपारी मीठ लावलेले भाताचे गोळे खाऊन तिने लाकडी मोगरीने मला पुन्हा कुटलं. मार लागला खरा, पण तिच्या हाताचा होता.

गुरुवारी सकाळी ताजा रस, ओढ्याचं गार पाणी. किटली आजोबांनी घराबाहेर नेऊन ठेवली होती. चटई हौदात गेली, पुढे-मागे हलली. सालीचे लांब धागे माझ्या आखूड धाग्यांमधून सरकत गेले, इकडून एकाला धरलं, तिकडून दुसऱ्याला. इतक्या जन्मांत पहिल्यांदा मला कुणीतरी धरलं होतं. चटईवरून उचललं तेव्हा मी अखंड आलो.

"हं," आजोबा म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढी स्तुती गावात फार थोड्यांनी ऐकली असेल.

प्रमाणपत्राच्या समारंभात शाळेची सगळी अकरा मुलं आणि निम्मं गाव जमलं होतं. चिनात्सुचं नाव पुकारलं. तिने दोन्ही हात पुढे केले, मुख्याध्यापकांनी मला पुढे केलं आणि त्यांना भरून आलं. रडू आवरायच्या नादात ते मला सोडायचंच विसरले. ती वाकून उभी, ते डोळे मिटून उभे, आणि मध्ये मी, दोन्हीकडून ताणलेला. चिनात्सु घाबरून ओढेना.

तिसऱ्या रांगेतून इसोकिची आजोबांचा खणखणीत आवाज आला, "ओढ, पोरी! फाटत नाही तो!"

तिने ओढलं. जोरात. मी फडकन आवाज केला आणि अखंडच तिच्या हातात गेलो. मुख्याध्यापक दोन पावलं पुढे आले, सगळं सभागृह हसत सुटलं, आणि सगळ्यांत मोठ्याने हसत होती चिनात्सु.

आता मी तिच्या खोलीच्या भिंतीवर आहे. अंगाने करडा, पण कणखर. तुमच्याजवळ माझ्यासारखा कुणी थकलेला कागद असेल, तर त्याला निकामी म्हणण्याआधी दोन मुठी साल मिळते का बघा, एवढंच मागणं आहे. चिनात्सु येतेय, जिन्यावर पावलं वाजताहेत. ती रोज मला चिमटीत धरून हळूच ओढून बघते. येऊ दे तिला, मी तयार आहे.