दुसऱ्या नंबरचा स्टुरे

स्वीडनमधल्या आल्सरीड गावात स्टुरे हेडलीनला ओळखत नाही असा माणूस शोधून सापडला नसता, आणि त्याच्या घरी कॉफीला जाणारा माणूसही. एकोणीस उन्हाळे तो डोमकावळे क्लबकडून मोटारसायकल हाणत होता. गाडीला ब्रेक नाही, गिअर एकच. काळ्या बारीक खडीच्या रिंगणात डावीकडे वळत चार फेऱ्या मारायच्या, आणि वळणावर जमिनीला घासत ठेवायला डाव्या पायात पोलादी तळाचा बूट. प्रत्येक शर्यतीत दोन गडी आपले, दोन परके. आपल्या दोघांत पहिला यायचा युंगवे ब्रोलीन आणि दुसरा स्टुरे.

हे आपोआप होत नव्हतं. सुरुवातीच्या रेषेवरची फीत वर उडाली की सगळ्यांच्या आधी सुटायचा तो स्टुरेच. युंगवे सुरुवातीला रेंगाळायचा आणि मग पेटायचा. शेवटच्या वळणाआधी स्टुरे डाव्या खांद्यावरून मागे नजर टाकायचा. युंगवे दिसला की बाहेरच्या कुंपणाकडे सरकायचा, परक्या गड्याला आपल्याबरोबर रेटत न्यायचा, आणि मोकळ्या झालेल्या आतल्या बाजूने युंगवे सुळकन पुढे. लोक युंगवेच्या नावाने घसा फोडायचे. स्टुरेच्या नावापुढे दोन गुण आणि एक चांदणी, जोडीदाराच्या मागे राहिल्याबद्दल. अशा चांदण्यांनी आभाळ भरलं असतं. पण चांदण्या काय चाटायच्या असतात?

त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. ते क्लबचं काम होतं, आणि काम म्हटलं की कुणीतरी दुसरं असतंच. सल होता तो पासष्ट सालच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाचा. तिथे जोडी नसते, ज्याचा तो. निकालाच्या शर्यतीत स्टुरे शेवटच्या वळणापर्यंत पुढे होता. तिथे बाहेर गेला, आणि आतून निघालेला युंगवे स्वीडनचा अजिंक्यवीर झाला. दुसऱ्या दिवशी स्टुरे कामावर, काचकारखान्यात भट्टीपाशी पोचतो न पोचतो तोच सोबत्यांचं सुरू झालं, "स्टुरेनं शर्यत दिली रे!"

"गाडी घसरली," स्टुरेने सांगितलं. तेच तो बारा वर्षं सांगत होता. आधी हसत, मग चिडून, मग कुणी विचारायच्या आधीच. त्याची बायको गुनेल हिनेही कधी विश्वास ठेवला नाही. "तू दारातून मला आधी जाऊ देतोस आणि स्वतः बाहेरच उभा राहतोस, स्टुरे. घरात मी एकटीच असते," असं म्हणून ती काल्मारला बहिणीकडे गेली, ती गेलीच. तेव्हापासून स्टुरे संध्याकाळी एकाच माणसापुरते बटाटे उकडायचा आणि रेडिओवरच्या हवामानाच्या बाईचं ऐकत जेवायचा. ती बाई तरी उलट बोलत नसे.

सप्टेंबरात क्लबने त्याचा निरोपाचा सामना ठेवला. अशा सामन्यात एक रीत असते: शेवटच्या शर्यतीत निरोप घेणाऱ्याला बाकीचे तिघे जिंकू देतात. कुणी बोलत नाही, पण शेंबड्या पोरालाही माहीत असतं. स्टुरेला नेमकं तेच नको होतं. एकदा, फक्त एकदा, त्याला खरोखर पुढे राहून पहिलं यायचं होतं. म्हणजे सगळ्या गावाला दिसलं असतं की हा माणूस पहिला येऊ शकतो, आणि पासष्टला गाडीच घसरली होती.

तो गाड्यांच्या आवारात गेला. तिथे इंजिनांतलं एरंडेल तेल जळल्याचा वास भरला होता. पाहुण्या क्लबच्या दोघांना त्याने सरळ सांगितलं, "माझ्यावर दया केलीत तर याद राखा."

"अरे, पण तुमच्या अध्यक्षांनी डोळा मारलाय!" त्यातला एक म्हणाला.

"त्यांना रोजच डोळ्याचा त्रास आहे. तू गाडी हाण."

युंगवे दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता आणि आज खास स्टुरेसाठी आला होता. त्याचं आता शहरात मोटारसायकलींचं दुकान होतं, पाटीवर नावाखाली मोठ्या अक्षरांत 'स्वीडनचा अजिंक्यवीर १९६५'. पोट सुटलं होतं, चामडी पोशाखाची चेन वर ओढायला दोन माणसं लागली.

"युंगवे, मला हरवायचा प्रयत्न कर," स्टुरे म्हणाला. "मनापासून."

"वेडा आहेस का? लोक मला दगड मारतील. आज तुझा दिवस आहे, बाबा."

"म्हणूनच मागतोय. एकोणीस वर्षांत तुझ्याकडे काही मागितलंय?"

युंगवेने त्याच्याकडे नीट पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "ठीक आहे. पण मग रडू नकोस."

फीत उडाली आणि स्टुरे सुटला. पहिलं वळण त्याने आतून घेतलं, पोलादी बूट खडीवर करकरला, समोर कुणी नव्हतं. कुणाच्या चाकाची खडी तोंडावर येत नव्हती. दुसरी फेरी, तिसरी. त्याला मोठ्याने हसावंसं वाटलं. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात इतकं मोकळं त्याला कधी वाटलं नव्हतं. चौथ्या फेरीत पाहुण्यांपैकी एक बाहेरून त्याच्या मागच्या चाकाशी आला, खरोखर जीव तोडून. शेवटचं वळण आलं. स्टुरेने गाडी आडवी घातली. पाहुणा कुंपणापर्यंत रेटला गेला. आणि डावीकडून एक सुटलेलं पोट आणि एक लाल शिरस्त्राण सुळकन पुढे गेलं.

मग कुणीतरी ओरडलं, "जित्याची खोड!" आणि सगळे हसले. वाईट नव्हते हसत. आपल्या माणसाला हसतात तसे हसत होते.

स्टुरे कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बसला. बूट काढायचंही सुचेना. त्याला एवढंच आठवत होतं की गाडी बाहेर गेली. थोड्या वेळाने युंगवे आत आला आणि त्याने दार लावून घेतलं. तोंड खडीने काळं झालं होतं.

"तू मागे वळून पाहिलंस," तो म्हणाला.

"कुठे?"

"शेवटच्या वळणाआधी. डाव्या खांद्यावरून. मला पाहिलंस, आणि मग बाहेर गेलास. गाडी घसरली नाही, स्टुरे. तू नेलीस."

आता स्टुरेला आठवलं. आजचं आठवलं, आणि त्याच्यामागून पासष्टचंही. खांद्यावरून दिसलेलं तेच लाल शिरस्त्राण. तेव्हा त्याला बरं वाटलं होतं, युंगवे आला म्हणून. मूर्खासारखं बरं वाटलं होतं.

युंगवे समोरच्या बाकावर बसला. हातातलं शिरस्त्राण तो उगाच फिरवत होता. "खरं सांग," तो म्हणाला. आवाज दुकानदाराचा राहिला नव्हता. "त्या दिवशीही असंच केलंस का?"

बाहेर क्लबच्या बायका पावाचे थर रचून केलेला सँडविचचा मोठा केक कापत होत्या. अध्यक्ष भोंग्यावरून स्टुरेला हाका मारत होते.

"छे," स्टुरे म्हणाला. "त्या दिवशी गाडी घसरली. वळण ओलं होतं. आणि तू माझ्यापेक्षा वेगात होतास."

"खरंच?"

"बारा वर्षं काय सांगतोय मी?"

युंगवेने मोठा श्वास सोडला. उठला, स्टुरेच्या पाठीवर एक जोरात थाप मारली आणि "चल, केक संपेल," म्हणून बाहेर गेला. लोकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

स्टुरे मागोमाग गेला. कॉफी ओतणाऱ्या एल्साबाईंनी त्याच्या हातात कप दिला आणि मिश्कीलपणे विचारलं, "दिलीस ना रे पुन्हा?"

"गाडी घसरली," स्टुरे म्हणाला.

त्यांनी मान डोलावली, न पटताही डोलावतात तशी, आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. स्टुरे कप घेऊन कुंपणापाशी उभा राहिला. बारा वर्षं सगळं गाव चुकत होतं आणि तो एकटा बरोबर होता. आता सगळं गाव बरोबर होतं, आणि हे त्याला कुणालाच सांगता येणार नव्हतं.