मोठ्यानं सांगा, व्याही

कवळीवाल्यांना घरातून निघतानाच ताकीद मिळाली होती: हसायचं नाही.

"म्हणजे अगदीच नाही?" बुटाची नाडी बांधता बांधता त्यांनी विचारलं.

"गालातल्या गालात हसा. तोंड उघडायचं नाही," बायको म्हणाली. "पोरीचं अजून ठरायचंय. तुमचं ते हसणं ऐकून मुलाकडचे पळ काढतील."

तिचंही चुकत नव्हतं. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळीवाले दिवसभर एकटेच कवळ्या घडवत बसायचे. मेण तापवायचं, दात बसवायचे, घासायचे. तिथे हसण्यासारखं काही नसे. मग साठलेलं हसू बाहेर कुठेतरी फुटे, आणि फुटे तेव्हा आधी शिट्टी, मग ठसका, आणि शेवटी भांड्यांची मांडणी कोसळावी तसा गडगडाट.

चित्रपटाची टूम मुलाच्या आईची होती. मुलामुलीनं एकमेकांना कधीच पसंत केलं होतं; घोडं अडलं होतं ते या बाईंच्या होकारापाशी. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. चहापाण्याला आल्या तेव्हा मोजकंच बोलल्या, आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देताना भलतंच काहीतरी बोलल्या. "आतल्या गाठीच्या दिसतात," असं बायकोनं निदान केलं. त्यानंतर त्यांचा निरोप आला की एका भारतीय कुटुंबातल्या लग्नावरचा चित्रपट लागलाय, सगळे मिळून बघू या.

"परीक्षा आहे ही," बायको म्हणाली. "लग्नाचाच चित्रपट का निवडला? कोण कुठे हसतं, कुठे नाक मुरडतं, ते बघणार त्या."

थिएटरात 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करता करता कवळीवाले नेमके बाईंच्या शेजारी अडकले. बाईंच्या पलीकडे त्यांचे यजमान, इकडे बायको, आणि पोरं दोघं धूर्तपणे रांगेच्या टोकाला.

सुरुवातीला कवळीवाल्यांनी निभावलं. पडद्यावर नवरीचा बाप सैरावैरा धावत होता, वऱ्हाड येऊन थडकलं होतं, नवरदेवाचे काका पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली नाही म्हणून फुगून बसले होते. कवळीवाल्यांची नजर मात्र त्या काकांच्या दातांवर. "खालची सैल आहे," ते पुटपुटले. तेवढ्यात काका उठून उभे राहिले, "या मांडवात मी पाणीसुद्धा पिणार नाही!" असं गरजले, आणि त्यांची खालची कवळी सुटून शेजारच्याच्या ताटात पडली.

झालं. शिट्टी, ठसका, गडगडाट. "सैल होती! मी म्हणत नव्हतो?" कवळीवाले मांडीवर थापा मारत ओरडले. निम्मं थिएटर कवळीला हसलं, उरलेलं त्यांना. बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे रोखून पाहिलं आणि मग, सगळ्यांचं हसून झाल्यावर, त्या एकट्याच हसल्या.

पुढे दर विनोदाला तेच. ते हसले की बाई बघायच्या, मग उशिरानं हसायच्या.

मध्यंतरात बायकोनं त्यांना खांबाआड ओढलं. "चित्रपटाला नाही, तुम्हाला हसताहेत त्या! आता एक शब्द नाही."

कवळीवाले शरमून बाईंसाठी कॉफी घेऊन गेले. "साखर चालेल ना?" त्यांनी अदबीनं विचारलं.

"हो तर. पाय मोकळे करायला बरं वाटतं," बाई म्हणाल्या.

ते लाल होऊन परतले. "टोमणा असेल?"

"टोमणाच," बायको म्हणाली. "पाय पसरून बसला होतात."

मध्यंतरानंतर कवळीवाल्यांनी रुमालाचा बोळा तोंडात कोंबला. थिएटर खदखदत होतं, ते गप्प. बाई पुन्हा पुन्हा त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, खुर्चीत चुळबुळत होत्या. बाईंचे यजमान घोरत होते. मग पडद्यावर ऐन वेळी कुणीतरी नवरीला धक्का दिला, हातातला हार भलत्याच गळ्यात पडला, आणि लोक खुर्च्यांवरून खाली यायचे बाकी राहिले. कवळीवाले बोळ्यामागे नुसते गदगदत होते. डोळ्यांतून धारा.

बाई त्यांच्याकडे कलल्या. "रडू नका हो. मुलगी काय लांब जाणार आहे?"

त्यांनी रुमाल काढला. "रडत नाही. हसतोय."

"बसतोय? बसलाच आहात की."

कवळीवाले त्यांच्याकडे बघतच राहिले. चहापाण्याच्या वेळची उत्तरं, ते पाय मोकळे करणं, सगळ्याचा एकदम उलगडा झाला.

"मला कमी ऐकू येतं," बाई म्हणाल्या. "घरात कुणाला कळू दिलेलं नाही. मघाशी तुम्ही हसलात की मी समजायची, इथे विनोद झाला. आता तुम्हीच गप्प बसलात, तर माझा चित्रपट बंदच पडला."

हे आपण कुजबुजतोय अशी बाईंची समजूत होती. प्रत्यक्षात पुढच्या-मागच्या चार रांगांनी ऐकलं. टोकाला त्यांचा मुलगा ताडकन उठून उभा राहिला. यजमान जागे झाले.

"तुमच्या तोंडाकडे बघण्यात माझं हुकलं. हार कुणाच्या गळ्यात पडला?" बाईंनी विचारलं. "मोठ्यानं सांगा, व्याही!"

"फोटोग्राफरच्या!" कवळीवाले ओरडले.

"ओ व्याही, हळू!" मागून कुणीतरी म्हणालं.

बायकोची नखं त्यांच्या दंडात रुतली. "व्याही म्हणाल्या! ऐकलंत?"

त्यांना ऐकायला सवड नव्हती. चित्रपट संपेपर्यंत ते प्रत्येक वाक्य बाईंना ठणठणीत आवाजात पोचवत राहिले, मधून मधून स्वतःही गडगडत राहिले. पुढची माणसं वैतागून उठून गेली. मागच्या एक आजी मात्र पुढे वाकून म्हणाल्या, "आणि ती थोरली जाऊ का रुसली होती, तेही सांगा. मलासुद्धा नीट कळलं नाही."

बाहेर फुटपाथवर मुलगा आईवर चिडला. इतके दिवस का लपवलंस?

"मलाच उशिरा कळलं," बाई म्हणाल्या. "यांचं बोलणं ऐकू येत नाही हे लक्षात कसं येणार? आधीही मी कुठे ऐकत होते?"

यजमान हसले नाहीत. चष्मा पुसत ते बाईंच्या कानाशी येऊन म्हणाले, "मला वाटायचं, तू रागावली आहेस. म्हणून मी बोलायचंच सोडलं."

रस्ता ओलांडताना बाईंनी यजमानांचा हात धरला, आणि पलीकडे गेल्यावरही सोडला नाही.

कानाच्या डॉक्टरांची जागा कवळीवाल्यांच्या दवाखान्याच्या वरच्याच मजल्यावर होती. बाई जायला तयार झाल्या, पण सोबत व्याहीच हवेत. मुलगा आला तर काळजीचं तोंड करून बसेल, म्हणाल्या. कानात मशीन बसवून दोघं खाली आले. कवळीवाल्यांनी सवयीनं घासायचं यंत्र सुरू केलं, तशा बाई दचकल्या.

"केवढी किरकिर ही! दिवसभर हे ऐकता?"

"किरकिर?" कवळीवाल्यांनी यंत्र बंद केलं, पुन्हा सुरू केलं, कान देऊन ऐकलं. "असेल. सवय झालीय."

"बंद ठेवा ते, आणि बसा. लग्नाचं बोलू."

त्यांनी बायकोला फोन लावला. बोलणी करायची तर नीटनेटकं जायला हवं म्हणून ती कपडे बदलायला गेली. ती पोचेपर्यंत त्या मेणाच्या वासात, जबड्यांच्या साच्यांमध्ये बसून, दोघांनी तारीख ठरवूनही टाकली होती. त्याबद्दल तिनं कवळीवाल्यांना अजून माफ केलेलं नाही.